गाडीखालच्या फरशीवर तीन डाग : कोणता कशाचा, आणि कोणता धोक्याचा?

रंकाळाकाठ

नमस्कार. आमच्याकडे डिझेलवर चालणारी एक लहान गाडी आहे. ती दहा वर्षांची असून तिचे ९६ हजार किलोमीटर झाले आहेत. पूर्वी ती घरासमोर मातीतच उभी राहत असे. दसऱ्याच्या आधी अंगणात फिकट रंगाची फरशी घातली आणि तेव्हापासून रोज सकाळी फरशीवर डाग दिसू लागले. गळती आत्ताच सुरू झाली, की आजवर सगळे मातीत जिरत असल्यामुळे लक्षात आले नाही, हे मला सांगता येत नाही.

डाग तीन ठिकाणी आहेत. सर्वांत मोठी ओल पुढे डाव्या बाजूला, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायांखाली येते. दुपारी बाहेरून आल्यावर तिथे जेवणाच्या ताटाएवढे पाणी साचते. दुसरा डाग पुढे उजव्या बाजूला इंजिनाखाली असून तो जुन्या रुपयाएवढा आहे आणि वाळल्यावर त्याच्या कडेने गुलाबी पूड राहते. तिसऱ्याला डाग म्हणावे की नाही, इतका तो लहान आहे. मागच्या डाव्या चाकाचा टायर आतल्या अंगाने ओलसर दिसतो आणि त्याच्याखाली बोटभर जागा तेलकट होते.

दोन ठिकाणी विचारले. एका गॅरेजमध्ये रेडिएटर बदलावा लागेल असे सांगितले, तर दुसरीकडे दहा वर्षांच्या गाडीचे थोडेफार गळायचेच असे म्हणून परत पाठवले. दोन्हीकडे कोणी गाडीखाली वाकून पाहिले नाही, याचे मला वाईट वाटते. येत्या शनिवारी आईला घेऊन गगनबावड्यावरून करूळ घाटाने वैभववाडीला मामांकडे जायचे ठरले आहे. त्या मोठ्या ओलीमुळे निघावे की नाही, असा प्रश्न पडला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगरकर

आपण डागांची जागा, आकार आणि रंग नीट लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी उद्यमनगरात बरीच वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. सर्वांत आधी एक विनंती करतो. मागच्या चाकाजवळची ओल कशाची आहे हे कळेपर्यंत गाडी घराबाहेर काढू नये. आपल्याला ज्या डागाची काळजी वाटते तो बहुधा निरुपद्रवी आहे आणि ज्याला आपण डागही म्हणत नाही, तोच मला भीतीदायक वाटतो. गळतीचा धोका डागाच्या आकारावरून ठरत नाही. गळणारा द्रव गाडीत कोणते काम करतो, यावरून तो ठरतो.

पहिल्या ओलीबद्दल थोडक्यात सांगतो. एसी चालू असताना आतल्या थंड जाळीवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते आणि ते एका लहान नळीवाटे खाली सोडलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ही नळी डाव्या बाजूलाच, डॅशबोर्डच्या खाली बाहेर येते. हे पाणी रंगहीन आणि बिनवासाचे असते, बोटाला चिकटत नाही आणि वाळल्यावर मागे काहीही ठेवत नाही. एक दिवस एसी बंद ठेवून गाडी चालवली की खात्री पटते. परंतु ही परीक्षा मागच्या चाकाचे काम झाल्यावरच करावी. उलट, एसी चालू असूनही उकाड्याच्या दिवसात खाली पाणी पडेनासे झाले आणि डाव्या सीटपुढचे पायपुसणे भिजू लागले, तर ती नळी तुंबली आहे असे समजावे.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. किराणा दुकानातून दोन मोठी खोकी आणून उलगडावीत आणि ती गाडीखाली पुढपासून मागपर्यंत अंथरावीत. चाके कुठे येतात ते पेनाने पुठ्ठ्यावर आखावे आणि गाडीचे तोंड कोणत्या बाजूला आहे तो बाण काढावा. हे केले नाही तर सकाळी पुठ्ठा ओढून काढल्यावर कोणता डाग कुठला होता ते कळत नाही. तासाभराने एकदा आणि सकाळी एकदा, असे दोनदा पाहावे. इंजिन गरम असताना दाबाखाली गळणारी जागा वेगळी असते आणि गार होताना आकुंचन पावलेल्या क्लिपांतून पाझरणारी जागा वेगळी असते, म्हणून वेळेची नोंद उपयोगी पडते.

प्रत्येक डागावर पांढरा कागदी रुमाल टेकवून रंग पाहावा, वास घ्यावा आणि थेंब दोन बोटांत चोळून पाहावा. चव मात्र कधीही घेऊ नये. त्यानंतर एका टाकाऊ प्लॅस्टिकच्या झाकणात साधे पाणी घेऊन त्यात थेंब सोडावा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि डिझेल पाण्यावर तरंगतात व त्यांचा तवंग दिसतो. ब्रेक ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, पाण्यात विरघळून जातात. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणत असलो तरी नेहमीच्या डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल हे मुळात तेल नसते, त्यामुळे ही परीक्षा घरच्या घरी पक्की होते. हात साबणाने लगेच धुवावेत आणि ब्रेक ऑइलचा हात गाडीच्या रंगाला लावू नये, कारण त्याने रंग उठतो.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी आणि कूलंटची डबी या दोन्हींची पातळी कुठे आहे तेही कळवावे. इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण उघडू नये. झाकणामुळे आत सुमारे १ बार जादा दाब राहतो आणि तेवढ्या दाबाखाली पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळते. गरम असताना झाकण सैल केले की दाब एकदम जातो, आतले पाणी त्याच क्षणी उकळून उसळते आणि चेहरा व हात भाजतात. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

घाटवाट

उद्यमनगरकर यांनी सांगितलेल्याला एक जोड देतो. माझे कामानिमित्त कोल्हापूर ते वैभववाडी असे नियमित जाणे-येणे असते. गगनबावड्यापर्यंतचे सुमारे ५५ किलोमीटर ब्रेकची फारशी परीक्षा पाहत नाहीत. खरी परीक्षा त्यापुढे घाट उतरताना होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते आणि जितकी ओल जास्त, तितके ते लवकर उकळते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत टिकावे असे मानक आहे, परंतु ओल शोषलेल्या अवस्थेसाठी हेच आकडे १४० आणि १५५ अंशांवर येतात. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम आणि डिस्क तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे आत जाते. म्हणून घाटात दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर उतरावे आणि ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. ज्या गाडीचे ब्रेक ऑइल गळत असण्याची शंका आहे, ती गाडी घाटात नेण्याचा विचार कृपया करू नये. सोबत आई असणार आहेत.

रंकाळाकाठ

दोघांचेही आभार. काल दुपारी मुलाला शाळेतून आणले होते. त्यानंतर धागा वाचला आणि गाडी जागची हलवली नाही. लक्ष्मीपुरीतल्या ओळखीच्या दुकानातून खोकी आणून गाडीखाली सरकवली. निरीक्षणे अशी आहेत.

डावीकडची ओल तासाभरात पुठ्ठ्यावर पसरली होती. सकाळी तो भाग पूर्ण कोरडा झाला, पुठ्ठा थोडा फुगला एवढेच. रंग किंवा वास काहीही नव्हता. काल परतताना एसी चालू होता.

उजवीकडे तासाभराने काहीच नव्हते. सकाळी मात्र चार थेंब होते. रुमालावर फिकट गुलाबी रंग आला. वास गोडसर आहे, पण गुऱ्हाळावरच्या काकवीसारखा नव्हे. खोकल्याच्या औषधाच्या पाकासारखा म्हणता येईल. थेंब पाण्यात मिसळला. कूलंटची पातळी खालच्या रेषेच्याही बोटभर खाली आहे. एक कबुली द्यायला हवी. गेल्या तीन महिन्यांत मी स्वतः दोन वेळा त्यात बोअरचे पाणी ओतले होते.

मागच्या चाकापाशी रात्रभरात एकच थेंब पडला होता. रंग पातळ चहासारखा पिवळसर, बोटांना निसरडा आणि वास किंचित मासळीसारखा आहे. मी झाकणात पाणी घेतले आणि काडीने तो थेंब सोडला. तवंग येईल या अपेक्षेने पाहत राहिलो, पण तो तळाशी जाऊन धूसर झाला आणि नाहीसा झाला. ब्रेक ऑइलची डबी पाहिली तर पातळी खालच्या रेषेला टेकलेली आहे. महिन्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगची पावती शोधून काढली. तिच्यात शेवटच्या ओळीत ब्रेक ऑइल भरल्याचे पैसे लावलेले आहेत, परंतु ते कमी का झाले होते याबद्दल तेव्हा मला कोणी काही सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

उद्यमनगरकर

आपण फार चांगले केले. आता शंका उरली नाही. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळतो आहे.

मागच्या ड्रमच्या आत एक लहान सिलिंडर असतो. पेडल दाबल्यावर येणारे ऑइल त्याच्या दोन्ही टोकांचे पिस्टन बाहेर ढकलते आणि ते पिस्टन ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबतात. पिस्टनच्या मागे रबरी वायसर असतात. वर्षे गेली की रबर कडक होते, ऑइलमधल्या ओलीने सिलिंडरच्या आत गंज धरतो आणि वायसरच्या कडेने ऑइल पाझरू लागते. प्रथम ते बाहेरच्या रबरी टोपीत साचते, मग मागच्या पत्र्याच्या खालच्या टोकाशी उतरते आणि तिथून टायरच्या आतल्या अंगावर येते. जमिनीवर पडणारा थेंब हा या सगळ्या प्रवासातला शेवटचा असतो. तो दिसेपर्यंत आतले लायनर बहुधा ऑइलने माखलेले असतात. त्यामुळे डबीत ऑइल शिल्लक असले तरी त्या चाकाचा ब्रेक धरत नाही आणि जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू शकते.

आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, म्हणून एक रिकामा झाला तरी दुसरा काही प्रमाणात काम करतो. तेव्हा पेडल बरेच खाली जाते आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. सपाट रस्त्यावर अशा वेळी माणूस सावरू शकतो, घाटातल्या वळणावर त्याला तेवढी जागा मिळत नाही. केवळ डबी भरून निघणे हा उपाय नव्हे. डबीतली पातळी लायनर झिजल्यानेही हळूहळू उतरते, हे खरे आहे. पण म्हणूनच ती उतरलेली दिसल्यावर चारही चाके पाहिल्याशिवाय ऑइल भरणे चुकीचे आहे. ज्याने भरले त्याने कारण शोधायला हवे होते.

गाडी चालवत नेऊ नका. फिटरला घरी बोलवा किंवा टोइंग करून न्या. दोन्ही मागच्या चाकांचे ड्रम उघडायला सांगा. एका बाजूचे रबर गेले असेल तर दुसऱ्या बाजूचेही तेवढेच जुने असते. सिलिंडर पूर्ण बदलावा, लायनर दोन्ही बाजूंचे जोडीने बदलावेत, आणि ऑइल सगळे नवे घालून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्यावी. ऑइलने माखलेले लायनर पॉलिश पेपरने घासून परत बसवतो असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. मुरलेले ऑइल तापल्यावर पुन्हा वर येते.

कूलंटची गळती गार झाल्यावर होते आहे आणि थेंब उजवीकडे आहेत. आपल्या गाडीत बेल्टची बाजू उजवीकडे असेल तर दोन जागा तपासाव्यात. एक म्हणजे रेडिएटरच्या होजच्या क्लिपा. त्या साध्या आवळूनही काम होऊ शकते. दुसरी म्हणजे वॉटर पंप. पंपाच्या अंगाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या छिद्रातून बाहेर पडते आणि तिथे वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसतो. ते छिद्र कधीही बुजवू नये. पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ साधणाऱ्या पट्ट्यावर, चालत असेल तर पंप बदलताना बेल्टही बदलून घ्यावा, कारण मजुरी तीच असते. रेडिएटर बदलण्याचे कारण मला तरी दिसत नाही. बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात आणि गंजरोधकाचे प्रमाणही उतरते, त्यामुळे दुरुस्तीनंतर जुने सगळे काढून, डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेले कूलंट भरावे.

पंचगंगाकाठ

या धाग्यात इंजिन ऑइलचा विषय आलेला नाही, म्हणून माझा अनुभव लिहितो. आपल्याकडे सर्वाधिक गाड्यांखाली दिसणारा डाग तोच असतो.

माझ्या गाडीखाली नेमका गिअरबॉक्सच्या सांध्याखाली काळा थेंब पडत असे. मागचे ऑइल सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मला सांगण्यात आले. काम मोठ्या खर्चाचे होते. एका जुन्या मिस्त्रींनी आधी इंजिन बाहेरून स्वच्छ धुतले, कोरडे केले आणि मला दोन दिवस गाडी चालवून परत यायला सांगितले. परत आल्यावर टॉर्च लावून त्यांनी ओल खालून वर शोधत नेली. ऑइल टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून निघत होते, इंजिनाच्या मागच्या अंगाने ओघळत होते आणि सांध्यापाशी येऊन ठिबकत होते. ते पॅकिंग बदलल्यावर गळती थांबली. थेंब जिथे पडतो तिथे गळती असतेच असे नाही. ऑइल वरून खाली येते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकलले जाते, त्यामुळे सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी लागते. खाली प्लॅस्टिकचे अंडर कव्हर असेल तर ते काढल्याशिवाय काहीच खरे समजत नाही. त्यात ऑइल साचून भलत्याच टोकातून बाहेर पडते.

नुकतेच ऑइल बदलले असेल आणि लगेच थेंब दिसू लागले, तर प्रथम इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरच्या ड्रेन नटाचा वायसर आणि ऑइल फिल्टर पाहावा. डिझेल इंजिनात नवे ऑइलही लवकर काळे पडते, त्यामुळे केवळ काळ्या रंगावरून ते खराब झाले असे मानू नये. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहावी.

गिअर ऑइल अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची गाडी दोन दिवस पाण्यात होती. इंजिन आम्ही सुरू केले नाही म्हणून ते वाचले, पण गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून पाणी आत गेले होते. ऑइल काढले तेव्हा ते दुधाच्या चहासारखे निघाले. ज्यांनी पुरानंतर इंजिन ऑइल बदलले आणि गिअर ऑइल विसरले, त्यांची बेअरिंग आणि सील पुढच्या वर्षभरात गेलेली मी शेजारी पाहिली. जुनी गाडी घेताना गिअरबॉक्सखाली फिकट, दुधाळ ओल दिसली तर ती पुरात होती का, हे जरूर विचारावे.

तांबडी_माती

कूलंटबद्दल एक कळकळीची सूचना करते. त्यात सहसा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्र्यामांजरांनी थोडेसे चाटले तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. अंगणातला तो गुलाबी डाग आजच भरपूर पाण्याने धुवावा आणि कूलंटची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. ऑइलच्या डागावर मात्र पाणी मारू नये. त्यावर लाकडाचा भुसा टाकून तो शोषून घ्यावा आणि भुसा कागदात गुंडाळून वेगळा काढावा. गटारात गेलेले ऑइल शहरातल्या नाल्यांतून पंचगंगेत जाते आणि खालच्या गावांना तेच पाणी प्यावे लागते.

आमच्या मळ्यातल्या घरी ऊसतोड सुरू झाली की उंदीर गाडीत शिरतात. गेल्या वर्षी त्यांनी डिझेलची रबरी नळी कुरतडली होती. डाग लहान होता, पण वास घरात येत होता. डिझेल किंवा पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता आधी नळ्या पाहाव्यात. पेट्रोल तर डाग न ठेवताच उडून जाते, तिथे नाकावरच विसंबावे लागते.

रंकाळाकाठ

काल काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. फिटर घरीच आले. जॅक लावून मागचे डावे चाक आणि ड्रम काढला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने सिलिंडरची रबरी टोपी किंचित उचलली, तेव्हा आतून पिवळसर ऑइल धारेने खाली आले. मी शेजारी बसून पाहत होतो. खालच्या बाजूचा लायनर काळा आणि ओला होता. बोट लावले तर चिखलासारखा थर हाताला आला. उजव्या ड्रममध्ये गळती बाहेर आली नव्हती, पण टोपीच्या आत ओल होती. दोन्ही सिलिंडर आणि चारही लायनर बदलले. जुने ऑइल काढले ते जवळजवळ तपकिरी झाले होते. हवा काढताना पेडल दाबायला मीच बसलो होतो, आणि शेवटी पेडल वरच घट्ट लागले तेव्हा लक्षात आले की गेले कित्येक महिने ते किती खाली जात होते. सवय झाल्यामुळे मला ते जाणवलेच नव्हते.

कूलंटची गळती वॉटर पंपाचीच निघाली. छिद्राखाली गुलाबी ओघळ वाळलेला होता. पंप आणि टायमिंग बेल्ट सोमवारी बदलायचे आहेत. तोपर्यंत गाडी उभी आहे. आई शनिवारी एसटीने वैभववाडीला गेली आणि तिला आणायला आम्ही पुढच्या आठवड्यात, पंपाचे काम करून आणि दोन दिवस पुठ्ठा अंथरून पाहिल्यावरच निघणार आहोत. आज सकाळी मागच्या चाकाखालचा पुठ्ठा कोरडा होता.